उत्तर न देणाऱ्या रुग्णाचा नकाशा

१८४१ साली इंग्लंडमधल्या टनब्रिज गावच्या विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र पाठवले. पत्रातला रुग्ण त्यांचाच तान्हा मुलगा होता. चार महिन्यांचा होईपर्यंत पोर छान गुटगुटीत होते. मग बापाच्या लक्षात आले की त्याची मान मधूनच पुढे झुकते आहे. हे झुकणे वाढत गेले. डोके थेट गुडघ्यांकडे जायचे, सरळ व्हायचे, पुन्हा जायचे. एकापाठोपाठ एक असे कितीतरी झटके यायचे आणि थांबले की पोर मलूल होऊन पडायचे. वेस्ट यांनी जळवा लावल्या, डोक्याला गार पट्ट्या लावल्या, जुलाब दिले, अफू दिली, दात येण्याचा त्रास असेल म्हणून हिरड्यांना चीर देऊन पाहिली. लंडनच्या नामांकित डॉक्टरांना दाखवले. गुण कशानेच आला नाही. मूल हसेना, बघेना, मान धरेना. शेवटी वेस्ट यांनी सगळी हकीकत छापायला पाठवली आणि व्यवसायबंधूंना विचारले की असे कुणी पाहिले आहे का, यावर काही उपाय आहे का.

१९५८ नंतर हार्मोनच्या इंजेक्शनांनी अशा काही मुलांना आराम पडू लागला. ज्यांना कशानेच गुण येत नाही, त्यांच्यासाठी मात्र वेस्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळपास दीडशे वर्षे जावी लागली. ते उत्तर शस्त्रक्रियेत होते, आणि कवटी उघडणे तर माणसाला फार आधीपासून येत होते. अडले होते ते दुसरीकडेच. फेफरे मेंदूच्या कुठल्या भागातून उठते आणि त्या भागाला हात लावला तर काय गमवावे लागेल, हे सांगणारा नकाशा नव्हता. तो नकाशा तयार झाला, तोही आधी मोठ्यांच्या मेंदूचा, कारण तो काढताना रुग्णाला प्रश्न विचारावे लागत आणि त्याने उत्तरे द्यावी लागत. तान्हे मूल उत्तर देत नाही. मुलांच्या अपस्मारावरील शस्त्रक्रियेला इतका उशीर का झाला, याचे अर्धे कारण या एका वाक्यात आहे.

अंगठ्यापासून सुरुवात

अपस्मार हा देवाचा कोप नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, हे ग्रीक वैद्यांनी इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास लिहून ठेवले होते. पण ‘मेंदूत’ म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापर्यंत तसाच पडून राहिला. त्याला हात घातला लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी. क्वीन स्क्वेअरमधल्या पक्षाघात आणि अपस्माराच्या इस्पितळात ते काम करत. त्यांच्याकडे यंत्र नव्हते. होती ती बघत बसण्याची चिकाटी. काही रुग्णांचा झटका एकदम सगळ्या अंगाला येत नाही, तो कुठूनतरी सुरू होतो आणि पुढे सरकतो, हे त्यांनी टिपले. बहुतेकदा सुरुवात हाताच्या अंगठ्यापासून, ओठाच्या कोपऱ्यापासून किंवा पायाच्या अंगठ्यापासून व्हायची. हाताचा अंगठा थरथरला की मग बोटे, मनगट, दंड, चेहरा, अशा क्रमाने झटका चढत जायचा. त्यांची पत्नी एलिझाबेथ हिलाही असेच झटके येत. ती १८७६ मध्ये गेली.

जॅक्सन यांनी तर्क केला की झटका शरीरावर ज्या क्रमाने सरकतो, त्याच क्रमाने शरीराचे भाग मेंदूच्या पृष्ठभागावर मांडलेले असणार आणि झटक्याचे मूळ म्हणजे तिथल्या करड्या थरातून अचानक सुटणारी अनावर ऊर्जा. १८७० मध्ये त्यांनी या झटक्यांवरचा आपला मोठा निबंध लिहिला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून विरुद्ध बाजूचा पाय हलवून दाखवला. संस्थेत सोय नव्हती, म्हणून हा प्रयोग हिट्झिग यांच्या घरी झाला. तीन वर्षांनी यॉर्कशरमधल्या वेकफील्डच्या मनोरुग्णालयात डेव्हिड फेरियर यांनी प्राण्यांवर तेच काम अधिक बारकाईने सुरू केले आणि पुढे माकडाच्या मेंदूचा नकाशा काढला. जॅक्सन यांचा तर्क आता नुसता तर्क राहिला नाही.

२५ मे १८८६ रोजी क्वीन स्क्वेअरमध्येच व्हिक्टर हॉर्सली यांनी त्या नकाशाच्या भरवशावर एका तरुणाची कवटी उघडली. जॅक्सन आणि फेरियर शेजारी उभे होते. रुग्ण बावीस वर्षांचा. सातव्या वर्षी एडिंबरोच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून त्याची कवटी आत दबली होती. त्या जुन्या जखमेचा वण मेंदूत राहिला होता. हॉर्सली यांनी तो वण भोवतालच्या थोड्या मेंदूसकट काढून टाकला. त्याच वर्षी छापलेल्या अहवालात झटके थांबल्याची नोंद आहे.

हा दिवस मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठा मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण वयाचे आकडेही बघावेत. जखम झाली सातव्या वर्षी, शस्त्रक्रिया झाली बाविसाव्या. रोग बालपणात मूळ धरतो आणि उपाय तारुण्यात येतो, ही जी रीत तिथे पडली ती पुढची शंभर वर्षे फारशी बदलली नाही.

माँट्रियलचा जागा रुग्ण

वायल्डर पेनफिल्ड हे अमेरिकेत वाढलेले, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले शल्यविशारद. १९२८ मध्ये ते जर्मनीतल्या ब्रेस्लाऊला ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे काही महिने राहिले. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी किंवा तुकडा लागलेल्या सैनिकांना नंतर फिट येऊ लागत. फोर्स्टर त्यांची फक्त डोक्याची कातडी बधिर करून, रुग्ण जागा ठेवून, मेंदूतला वण काढत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे जमायचे. तेच तंत्र घेऊन पेनफिल्ड कॅनडात माँट्रियलला आले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्यासमोर जो रुग्ण आला, ती त्यांची सख्खी बहीण रूथ होती. तिला किशोरवयापासून झटके येत होते. आता डोकेदुखी असह्य झाली होती आणि नजर जाऊ लागली होती. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. स्वतःच्या बहिणीवर आपण शस्त्र चालवावे का, हा पेच होताच. पण त्या गावात हे काम त्यांच्याइतके जाणणारे दुसरे कुणी नव्हते. त्यांनी गाठ काढता येईल तेवढी काढली, बरोबर पुढच्या भागाचा मोठा हिस्साही गेला. सगळी गाठ मात्र निघाली नाही. रूथ बरी होऊन घरी परतली. चालणे, बोलणे, स्वभाव, विनोद, सगळे जागच्या जागी. बघणाऱ्याला काहीच कमी वाटले नसते.

मग साधारण सव्वा वर्षाने पेनफिल्ड तिच्या घरी जेवायला गेले. घरचे चौघे आणि हे एक पाहुणे, एवढाच साधा बेत. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. सगळे जिन्नस काढलेले होते. एकदोन पदार्थ शेगडीवर चढलेले होते. पण सॅलड झाले नव्हते, मांस शिजायलाही टाकले नव्हते आणि ती मधोमध उभी होती, दमलेली, गोंधळलेली. तिला प्रत्येक पदार्थ करता येत होता. कशामागून काय करायचे, हे मात्र तिला लावता येत नव्हते. कुणी सांगत गेले की हात झरझर चालत. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये रूथ गेली. १९३५ च्या एका शास्त्रीय निबंधात पेनफिल्ड यांनी तो स्वयंपाकघराचा प्रसंग नोंदवून ठेवला.

वीज लावली तर त्या भागातून हात हलत नाही, तोंडातून शब्द येत नाही, कशाचीच जाणीव होत नाही. त्या काळच्या नकाशावर ती जागा जवळपास कोरीच होती. आणि तरी ती गेल्यावर एका गृहिणीचा रोजचा दिवस विस्कटला. मेंदूतली काही कामे एका जागेची नसतात, अनेक जागांच्या आपसांतल्या ताळमेळाची असतात. हे शास्त्राला नीट मांडता यायला पुढे पन्नास-साठ वर्षे लागली. त्या स्वयंपाकघरात मात्र ते आधीच दिसले होते.

१९३४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथली पद्धत अशी होती. रुग्ण कुशीवर, जागा. उघड्या मेंदूवर बारीक विद्युतशलाका टेकवायची आणि विचारायचे, काय झाले? “अंगठा मुंग्या आल्यासारखा झाला.” त्या जागी कागदाची इवलीशी अंकाची चिठ्ठी ठेवायची. पुढची जागा. जीभ ओढल्यासारखी झाली, दुसरी चिठ्ठी. आकडे मोजता मोजता रुग्ण मधेच गप्प झाला, तर ती वाचेची जागा, तिथे शस्त्र लावायचे नाही. लेखनिक प्रत्येक उत्तर टिपून घेई, शेवटी चिठ्ठ्यांनी भरलेल्या मेंदूचा फोटो निघे. काही थोड्या रुग्णांना कानशिलाजवळच्या भागाला स्पर्श होताच जुने गाणे ऐकू येई. विजेच्या स्पर्शाने रुग्णाला नेहमीच्या झटक्याआधीची ओळखीची चाहूल लागली, की मूळ जवळ आले असे समजायचे. शेकडो रुग्णांच्या अशा उत्तरांतून मोठे ओठ, मोठी जीभ, भलामोठा अंगठा आणि किडकिडीत धड असलेला तो प्रसिद्ध मानवाकृती नकाशा तयार झाला. पहिले चित्र १९३७ चे, हॉर्टेन्स कॅंटली यांनी काढलेले.

कित्येक तास न हलता पडून राहायचे आणि विचारलेल्याचे अचूक उत्तर द्यायचे, हे मोठ्या माणसालाही जड जाते. समजूतदार, मोठ्या मुलांवर हे कधीकधी जमे. दोन वर्षांच्या पोरावर जमणे शक्यच नव्हते.

अर्धा मेंदू

मुलांपर्यंत शस्त्रक्रिया पोचली ती वेगळ्या वाटेने, जिथे बारीक नकाशाची गरजच नव्हती. जन्माच्या आसपास एका बाजूचा मेंदू पार निकामी झालेली मुले असतात. विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा आणि दिवसभर झटके. १९३८ मध्ये टोरांटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी अशा रुग्णाचा निकामी अर्धगोल काढला. जोहान्सबर्गच्या रोलंड क्रायनॉ यांनी १९५० मध्ये अशा बारा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. अर्धा मेंदू काढूनही मुले चालत होती, बोलत होती. बहुतेकांचे झटके थांबले होते, आणि आदळआपट, चिडणे कमी झाले होते. हात आधीच अधू होता, तो फारसा अधिक अधू झाला नाही. लहान वयात डावा अर्धगोल बिघडला तर भाषा उजवीकडे बस्तान मांडू शकते, हेही पुढे स्पष्ट झाले. ज्या वयाची डॉक्टरांना भीती वाटत होती, तेच वय मुलाच्या बाजूचे निघाले.

आनंद फार टिकला नाही. १९६० च्या दशकात अशा रुग्णांपैकी काहींचे, शस्त्रक्रियेनंतर कैक वर्षांनी, अचानक बिघडू लागले. कवटीत राहिलेल्या पोकळीत थोडे थोडे रक्त झिरपत राहायचे आणि त्यातले लोह उरलेल्या मेंदूवर साचायचे. शस्त्रक्रिया जवळपास बंद पडली. मार्ग काढला माँट्रियलच्या थिओडोर रासमुसेन यांनी. त्यांनी १९७० च्या दशकात पुढचा आणि मागचा भाग रक्तवाहिन्यांसह जागेवरच ठेवला आणि त्यांचे बाकीच्या मेंदूशी असलेले धागे तेवढे तोडले. भाग जिवंत राहतो, त्यातला झटका बाहेर पडू शकत नाही. १९९० च्या दशकात फ्रान्सचे ओलिव्हिए देलालांद आणि कॅनडाचे व्हिलमूर यांनी हे काम आणखी छोट्या छेदातून करून दाखवले. शस्त्रक्रियेचा अर्थच इथे बदलला. काढून टाकण्यापेक्षा संबंध तोडणे महत्त्वाचे ठरले. मेंदूकडे जोडण्यांचे जाळे म्हणून बघण्याची दृष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर अशी आली.

दरम्यान १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला एक धडा फार महागात मिळाला होता. हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाला दहाव्या वर्षाच्या सुमारास झटके सुरू झाले होते. सत्ताविसाव्या वर्षी विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही कानशिलांमागचा आतला भाग काढला. झटके बरेच कमी झाले. पण नवी आठवण तयार होणे कायमचे थांबले. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर त्याची परीक्षा घ्यायला वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि दर वेळी त्याला त्या नव्यानेच भेटत. २००८ मध्ये मरेपर्यंत तो त्याच स्थितीत जगला. विज्ञानाला स्मृतीबद्दल त्याच्यामुळे जेवढे कळले तेवढे क्वचितच कुणामुळे कळले असेल. तेव्हापासून दोन्ही बाजूंना हात लावायचा नाही, हा नियम झाला.

ओल कुठे, फूट कुठे

मेंदूच्या विजेच्या लाटा कवटीबाहेरून टिपता येतात, हे जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये जाहीर केले होते. त्यांच्या सुरुवातीच्या आलेखांत त्यांच्या मुलाचेही आलेख आहेत. १९३५ मध्ये बॉस्टनच्या गिब्ज आणि लेनॉक्स यांनी वर्गात काही सेकंद शून्यात बघणाऱ्या मुलांच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने उठणाऱ्या टोकदार लाटा दाखवल्या. न विचारता मुलाच्या मेंदूतून उत्तर मिळाले ते हे पहिले. मात्र कवटीवरून घेतलेला हा आलेख, म्हणजे ईईजी, आतल्या खोल भागांचे नीट सांगत नाही.

पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात ज्याँ तालायराक आणि ज्याँ बाँको यांनी १९५७ पासून वेगळाच डाव मांडला. माँट्रियलमध्ये कवटी उघडून, दोन झटक्यांच्या मधल्या शांततेत उमटणाऱ्या टोकदार लाटांवरून बराच निर्णय होत असे. पॅरिसचे म्हणणे असे की खुद्द झटका येतो कसा, पसरतो कुठून कुठे, ते बघायला हवे. भिंतीवर ओल दिसते म्हणून पाइप तिथेच फुटलेला असतो असे नाही. पाणी वरच्या मजल्यावरूनही उतरलेले असते. म्हणून त्यांनी कवटी न उघडता, बारीक छिद्रांतून, मोजून मापून ठरवलेल्या दिशांनी सुईसारख्या विद्युतशलाका मेंदूत खोलवर उतरवल्या आणि झटक्याची वाट पाहिली. शलाका नेमकी कुठे पोचेल, हे सांगायला तालायराक यांनी मेंदूचा त्रिमितीय नकाशासंग्रह आधी तयार केला होता. या पद्धतीला स्टिरिओ-ईईजी म्हणतात. झटका एका ठिपक्यातून क्वचितच उठतो. काही जागा जवळपास एकाच वेळी पेटतात, काही नंतर ओढल्या जातात, काही नुसत्या गोंगाट करतात. कुठल्या जागा मूळच्या आणि कुठल्या ओढलेल्या, हे वेगळे करणे हीच खरी नकाशाची कला.

ही पद्धत अनेक दशके मुख्यतः फ्रान्स आणि इटलीत राहिली. उत्तर अमेरिकेत तिचे आजचे रूप २००९ नंतर मोठ्या प्रमाणावर रुजले. आज जगभरच्या बालरुग्णालयांत ती वापरली जाते, शलाका बसवायला रोबोटची मदत होते. एका शलाकेची जाडी मिलिमीटरभरही नसते. मूल काही दिवस व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर खाटेवर असते. औषधे मुद्दाम कमी केलेली असतात. उशाशी बसलेल्या आईच्या हातात एक बटण असते. एरवी झटका येऊ नये म्हणून नवस बोलणारी ती माऊली त्या दिवसांत झटक्याची वाट पाहत असते. तो आला की बटण दाबायचे, मुलाचे नाव घेऊन हाक मारायची, हात वर कर म्हणून सांगायचे. मूल उत्तर देते की नाही, डोळे कुठे वळतात, कुठला हात आखडतो, हे सगळे शलाकांच्या आलेखाशी सेकंदासेकंदाने जुळवले जाते. जॅक्सन यांची बघत बसण्याची चिकाटी अशी कॅमेऱ्यात उतरली आहे.

वेस्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर

१९७१ मध्ये लंडनच्या डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी एक नोंद केली. शस्त्रक्रियेत काढलेले मेंदूचे काही तुकडे नुसत्या डोळ्यांना धडधाकट दिसत होते, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतल्या पेशी विस्कळीत आणि बेढब निघाल्या. गर्भात मेंदू घडतानाच तिथली मांडणी चुकलेली असते. मुलांच्या हट्टी अपस्माराचे हे एक मोठे कारण आहे. ते मूल जिवंत असताना, कवटी न उघडता दिसू लागले ते १९८० च्या दशकात एमआरआय आल्यावर.

तरी काही डाग एमआरआयलाही चकवतात, विशेषतः तान्ह्या मेंदूत. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात भारतीय वंशाचे डॉ. हॅरी चुगानी पेट स्कॅनने मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते बघत होते. वेस्ट यांच्या मुलासारखे झटके येणाऱ्या बाळांचा ईईजी सगळीकडून विस्कटलेला दिसतो, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचारच होत नसे. १९९० मध्ये चुगानी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा काही बाळांत एका बाजूच्या एका ठराविक पट्ट्यात ग्लुकोजचा वापर कमी आहे, आणि तो पट्टा काढल्यावर झटके थांबतात. टनब्रिजच्या डॉक्टरांना हवे होते ते उत्तर हे. सगळ्या बाळांना ते लागू पडत नाही; ज्यांना पडते, त्यांचे आयुष्य बदलते. मेंदूच्या एका कोपऱ्यातली चूक सगळ्या अंगाला एकदम वाकवते, बुद्धीची वाढ थांबवते, हे कोडे जाळ्याच्या कल्पनेशिवाय सुटत नाही. तो कोपरा आपल्या जोडण्यांमधून दूरच्या निरोगी भागांनाही कामाला लागू देत नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत संशोधन करणाऱ्या भरत बिस्वाल यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. माणूस एमआरआयमध्ये काहीही न करता नुसता पडला असला, तरी मेंदूतले डाव्या आणि उजव्या हाताचे भाग एकाच मंद लयीत चढउतार करत असतात. एकमेकांशी जोडलेले भाग विश्रांतीतही ताल धरून असतात. मुलांच्या दृष्टीने हे फार मोलाचे ठरले. बोट हलव, शब्द बोल, असे काही सांगावे लागत नाही. मूल झोपलेले किंवा भूल दिलेले असले तरी भाषेचे, हालचालीचे जाळे कुठून कुठे जाते याचा अंदाज येतो. पेनफिल्ड यांना ज्यासाठी जागा आणि बोलता रुग्ण लागे, त्यातले बरेच आता झोपलेले पोर सांगून जाते.

जाळे कळले की शस्त्रही लहान होते. काही मुलांना आनंद नसताना हसण्याचे झटके येतात, त्यांचे मूळ मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसला चिकटलेल्या छोट्या गाठीत असते. तिथवर पोचणे जोखमीचे. २०१० च्या सुमारास ह्यूस्टनच्या बालरुग्णालयात बारीक तंतूतून लेझर नेऊन, एमआरआयवर उष्णता बघत, ती गाठ जाळण्यास सुरुवात झाली. फ्रान्समधल्या मार्सेय इथे फाब्रिस बार्तोलोमेई आणि व्हिक्टर यिर्सा यांनी प्रत्येक रुग्णाच्या जोडण्यांवरून संगणकात त्याचा मेंदू उभा करून, कुठे छेद घेतला तर झटका थांबेल हे आधी पडताळण्याची पद्धत विकसित केली आहे. तिची चाचणी २०१९ मध्ये सुरू झाली. हे सगळे आशादायक आहे, पण जादू नाही. उत्तम केंद्रांतही काही मुलांचे झटके शस्त्रक्रियेनंतर परत येतात, कारण जाळ्यातला एखादा धागा नजरेतून सुटलेला असतो.

दिल्लीची प्रतीक्षायादी

भारतात ही परंपरा थेट माँट्रियलहून आली. डॉ. जेकब चंडी यांनी पेनफिल्ड यांच्याकडे शिकून १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला मेंदूशस्त्रक्रिया विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया केली. मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी काम वाढवले. पुढे मात्र ओहोटी लागली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये हे काम नव्याने उभे राहिले. दिल्लीच्या एम्समध्येही ते जोमाने सुरू झाले. आज मुंबई-पुण्यातही अशा शस्त्रक्रिया होतात.

२०१७ मध्ये एम्सच्या डॉ. मंजरी त्रिपाठी, डॉ. शरत चंद्र आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो निबंध छापला, तो मुलांच्या अपस्मार शस्त्रक्रियेतला जगातला एक अतिशय भक्कम पुरावा मानला जातो. औषधांना दाद न देणारी अठरा वर्षांपर्यंतची ११६ मुले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५७ जणांची शस्त्रक्रिया झाली, ५९ जण औषधांवर राहिले. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४४ मुलांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, एकही झटका नव्हता. औषधांच्या गटात अशी मुले चार होती, ७ टक्के. किंमतही निबंधात लपवलेली नाही. शस्त्रक्रियेच्या गटातल्या १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले. त्यांत मुख्यतः अंगाच्या एका बाजूची दुर्बलता होती, आणि काही शस्त्रक्रियांत ती आधीपासून अपेक्षितच होती.

अशी चाचणी नैतिक कशी ठरली, हा प्रश्न कुणालाही पडेल. उपाय माहीत असताना निम्म्या मुलांना तो वर्षभर का द्यायचा नाही? उत्तर असे की शस्त्रक्रियेची रांगच तेवढी लांब होती. औषधांच्या गटातली मुले नेहमीच्या प्रतीक्षायादीवरच होती. जगाला दिशा देणारा पुरावा आपल्याकडच्या रांगेतून निघाला, याचा अभिमान वाटावा की खंत, हे ज्याने त्याने ठरवावे.

नकाशाअभावी मुलांना थांबावे लागले, तो काळ आता मागे पडला आहे. आज मूल थांबते ते इतर कारणांनी. लोक अजून चप्पल किंवा कांदा हुंगवतात. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून आजार लपवतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाच्या आड येणारी बाब होती; ती तरतूद १९९९ मध्ये निघाली, हे पुष्कळांना ठाऊकही नाही. आणि एक औषध चालले नाही की दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे बदलत वर्षे जातात. २००० साली ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की निम्म्याच्या आसपास लोकांचे झटके पहिल्याच औषधाने थांबतात, दुसऱ्याने आणखी थोड्यांचे, आणि त्यानंतर औषध बदलून यश येण्याची शक्यता अगदी तुटपुंजी उरते. म्हणूनच दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊन झटके थांबले नाहीत, तर त्याला औषधाला न जुमानणारा अपस्मार म्हणायचे, असा आंतरराष्ट्रीय संकेत २०१० पासून आहे.

घरात किंवा ओळखीत असे मूल असेल, तर एवढेच लक्षात ठेवा. दोन औषधे नीट घेऊनही झटके येत असतील, तर तिसऱ्या औषधाबरोबरच अपस्मार-शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात तपासणी करून घ्या. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. कित्येकांना शस्त्रक्रिया नको, असेच तिथे सांगितले जाईल. पण ज्यांना ती हवी आहे, त्यांनी ती सातव्या वर्षीच करून घ्यावी. बाविसाव्यापर्यंत थांबण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.